चारशे किलोमीटर की एकशे दहा? स्वालबार्डचं एक गणित आणि हिंगणघाटची एक कबर

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पेटची तयारी करतोय आणि डोक्यात आर्क्टिकचं वेड आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांच्यामार्फत भारतीय संशोधक नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जातात. तिथे न्यू-ओलेसुंड नावाच्या वस्तीत आपलं ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून आहे. पठ्ठ्या प्रस्ताव लिहायची प्रॅक्टिस म्हणून प्रवासाचा तक्ता करत होता, आणि तिथेच अडला.

त्याचा प्रश्न असा होता: “ताई, लाँगयीअरब्येनचा विमानतळ ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. न्यू-ओलेसुंडची धावपट्टी ७८.९३ उत्तर, ११.८७ पूर्व. मी अंतर काढलं तर ४०७ किलोमीटर आलं. पण उड्डाणाला २५ मिनिटांच्या आसपास लागतात म्हणे. म्हणजे विमानाचा वेग ताशी ९७५ किलोमीटर! आणि विमान कोणतं, तर डॉर्निअर २२८, दोन पंख्यांचं छोटंसं. काहीतरी चुकतंय ना?”

चुकतंयच. पण मला आवडलं ते हे की त्याने उत्तर तपासलं. आकडा आला, तक्त्यात टाकला आणि पुढे गेला, असं केलं नाही. त्याला मी उत्तर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता स्वालबार्डहून थेट आपल्या हिंगणघाटला पोचले. कशी, ते सांगते. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट एकदा ऐकावी असं मला वाटतं, कारण यात माझी स्वतःची एक मोठी चूकही आहे.

आधी गणित निस्तरू

त्याने काय केलं ते पाहा. अक्षांशातला फरक ०.६८ अंश, रेखांशातला फरक ३.६० अंश. दोन्हींचे वर्ग केले, बेरीज केली, वर्गमूळ काढलं आणि १११ ने गुणलं. शाळेत शिकलोय ना, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर.

अक्षांशाच्या बाबतीत हे जवळपास खरं आहे. रेखांशाच्या बाबतीत मात्र ते फक्त विषुववृत्तावर खरं आहे. सगळ्या रेखावृत्तांना ध्रुवावर एकत्र यायचं असतं, त्यामुळे उत्तरेकडे जाल तसं त्यांच्यातलं अंतर आटत जातं. एक अंश रेखांश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरचा असतो, वर्ध्याला १०४ चा, आणि स्वालबार्डला फक्त २२ चा. म्हणून रेखांशाच्या फरकाला आधी त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. तसं केलं की ३.६० चे ०.७१ अंश होतात आणि अंतर ११० किलोमीटरच्या आसपास येतं.

आता विमानाकडे बघा. डॉर्निअर २२८ ताशी ३५० किलोमीटरने जातंय असं धरू. ११० किलोमीटरला १९ मिनिटं. धावपट्टीवरून सुटणं, वर चढणं, वळणं, उतरणं यांची पाच-सात मिनिटं धरा. झाली २५. गणित जुळलं.

वाऱ्याचं काय, हेही त्याने विचारलं होतं. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ३०० उरतो आणि १९ ची २२ मिनिटं होतात. परतताना तोच वारा पाठीशी, वेग ४००, वेळ साडेसोळा मिनिटं. जाताना तीन मिनिटं गेली आणि येताना अडीच मिळाली. जा-ये करताना वारा कधीच पूर्ण भरपाई करत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो.

आता गंमत बघा. हीच चुकीची पद्धत वर्धा-नागपूरला लावून पाहा. खरं सरळ अंतर सुमारे ६८ किलोमीटर, चुकीच्या पद्धतीने ७१ येतं. कोणाच्या लक्षातही येणार नाही. वर्ध्यात ही चूक लपून राहते आणि स्वालबार्डमध्ये उघडी पडते. चुकीची पद्धत घरच्या अंगणात ‘बरोबर’ उत्तर देते, हाच तिचा खरा धोका. माझ्या अनुभवाकडे नंतर येते, तिथेही नेमकं हेच झालं होतं.

नकाशावर डोळ्यांनी अंतर मोजायची सवयही उत्तरेत अशीच फसवते. मे १९२६ मध्ये अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून याच न्यू-ओलेसुंडहून निघाले आणि तीन दिवसांनी अलास्कातल्या टेलर या गावी उतरले. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात ही दोन गावं दोन टोकांना दिसतात. प्रत्यक्षात दोघांमधलं सर्वांत जवळचं अंतर ध्रुवावरून जातं आणि ते ४,००० किलोमीटरच्या आसपास आहे. गोलावर ‘सरळ’ म्हणजे बृहद्वृत्त. नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ नव्हे.

पण १११ आला कुठून?

इथवर भूगोल झाला. आता इतिहास. ज्युनिअरला मी उलट विचारलं, “अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, हे तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “पुस्तकात आहे.” पुस्तकात कोणी लिहिलं? कोणीतरी जमिनीवर मोजल्याशिवाय ते पुस्तकात येणार नव्हतं.

आणि मोजल्यावर कळलं की तो सगळीकडे सारखा नाहीच. वर्ध्याच्या अक्षांशावर एक अंश ११०.७ किलोमीटरचा आहे, स्वालबार्डला १११.७ च्या जवळ. फरक जेमतेम एक किलोमीटरचा. पण याच एका किलोमीटरसाठी अठराव्या शतकात युरोपातले विद्वान भांडत होते.

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं की स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असणार. फ्रान्समध्ये कासिनी घराण्याची मोजणी सांगत होती की उलट ती ध्रुवांकडे लांबट आहे. पृथ्वी चपटी असेल तर ध्रुवाजवळ तिची वक्रता कमी, म्हणजे एक अंश फिरायला जास्त चालावं लागणार. तेव्हा उपाय एकच, दूर उत्तरेला जाऊन एक अंश मोजायचा आणि विषुववृत्ताजवळही मोजायचा.

फ्रेंच अकादमीने दोन तुकड्या पाठवल्या. एक १७३५ मध्ये आजच्या इक्वेडोरकडे निघाली. दुसरी मोपेर्त्युईच्या नेतृत्वाखाली १७३६ मध्ये लॅपलँडला गेली. तापमापकामुळे आपल्याला माहीत असलेला सेल्सियसही या तुकडीत होता. डिसेंबरमध्ये गोठलेल्या तोर्ने नदीवर त्यांनी पायारेषा मोजली. त्यांचा अंश आला ५७,४३८ त्वाझ. त्वाझ हे तेव्हाचं फ्रेंच माप, साधारण १.९५ मीटरचं. पॅरिसजवळ पिकारने मोजलेला अंश होता ५७,०६० त्वाझ. उत्तरेचा अंश मोठा. न्यूटन जिंकला.

आता यातली खोच ऐका. साठ-पासष्ट वर्षांनी स्वानबर्ग नावाच्या स्वीडिश संशोधकाने तिथेच पुन्हा मोजलं, तर मोपेर्त्युईचा अंश सुमारे २०० त्वाझने जास्त निघाला. निष्कर्ष बरोबर, मोजमाप चुकीचं! चूक योगायोगाने योग्य दिशेला पडली होती. ती उलट्या दिशेला आणि दुप्पट असती तर? तुमच्या प्रबंधात अपेक्षित निष्कर्ष आला म्हणून लगेच पेढे वाटू नका, हे मी याच गोष्टीवरून शिकले.

चेन्नईपासून हिंगणघाटपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडचे अंश मोजून झाले होते, पण उष्ण कटिबंधातली लांब आणि भरवशाची मोजणी कमी होती. तिथे विल्यम लॅम्ब्टन येतो.

लॅम्ब्टन यॉर्कशायरमधल्या साध्या घरातला. सैन्यात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला कैद झाला, पुढे बरीच वर्षं कॅनडात काढली आणि पन्नाशीकडे झुकलेला असताना भारतात आला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. टिपू पडल्यावर कंपनीच्या हातात प्रचंड मुलूख आला. लॅम्ब्टनने प्रस्ताव दिला की मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकू, म्हणजे नकाशा पक्का होईल. आणि त्याच ओघात उत्तर-दक्षिण एक चाप मोजू, म्हणजे पृथ्वीचा आकारही कळेल. पहिला भाग कंपनीसाठी, दुसरा त्याच्या स्वतःच्या ध्यासासाठी. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी ही मांडणी लक्षात ठेवावी.

पद्धत सोपी आहे, करणं भयंकर. एकच रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण सुटतो. नव्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर पुढचा. सगळी साखळी त्या पहिल्या रेषेवर टांगलेली. ती चुकली की सगळं चुकलं.

ती पहिली रेषा १० एप्रिल १८०२ ला मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, म्हणजे १२ किलोमीटर. १०० फुटांच्या पोलादी साखळीने. लागले ५७ दिवस! दिवसाला सरासरी २१० मीटर. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? मद्रासचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा. उन्हाने पोलाद लांबतं. तापमान १० अंशांनी बदललं तर १०० फुटांची साखळी साडेतीन मिलिमीटरने वाढते, आणि १२ किलोमीटरमध्ये ती चूक जवळपास १.४ मीटरची होते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, सावलीत ठेवायची आणि शेजारी तापमापक लावायचे. तीच साखळी मूळची चीनच्या सम्राटाला भेट द्यायला १७९३ च्या ब्रिटिश वकिलातीबरोबर गेली होती. तिथे ती नको झाली आणि फिरत फिरत लॅम्ब्टनच्या हाती लागली.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं. युद्ध चालू असतानाही तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने यंत्र सौजन्याने परत पाठवलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या उंच शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं, वर्तुळ वाकडं झालं. नवं यायला वर्षं गेली असती. लॅम्ब्टन तंबूत शिरला आणि सुमारे सहा आठवडे एकेक भाग हळूहळू ठोकून, ओढून पूर्ववत करत बसला. यंत्र पुन्हा चालू लागलं.

या खटाटोपातून निघालं काय? मद्रासच्या अक्षांशावर द्वीपकल्पाची रुंदी नकाशात ४०० मैल धरलेली होती, ती ३६० च निघाली. म्हणजे चाळीस मैल जमीन फक्त कागदावर होती.

तरीही कंपनीतल्या हिशेबनीसांना हा खर्च खुपायचाच. वित्त समितीतल्या एका सदस्याचं म्हणणं नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा, की कोणाला श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयाला सांगावं, तो बरोबर नेऊन सोडेल, लॅम्ब्टनचा नकाशा कशाला हवा! “तुझ्या पीएचडीचा उपयोग काय?” हा प्रश्न लग्नसमारंभात ऐकणाऱ्यांनो, तो किमान दोनशे वर्षं जुना आहे.

१८१५ पर्यंत कन्याकुमारीपासून बिदरच्या परिसरापर्यंत जवळपास दहा अंशांचा चाप मोजून झाला. १ जानेवारी १८१८ पासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ असं नाव मिळालं आणि जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तरुण अधिकारी लॅम्ब्टनचा मदतनीस म्हणून नेमला गेला.

आता साल बघा. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसले हरले आणि १८१८ पासून नागपूरच्या राज्याचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात गेला. गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी. मोजणीची साखळी उत्तरेला सरकली ती याच वाटेने. शुद्ध विज्ञान तोफेच्या मागोमाग आलं, हे आपण लपवायचं कारण नाही. जी साखळी पृथ्वीचा आकार सांगते, तीच सारा वसुलीच्या नकाशाचा पाया होते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. इतिहास वाचताना एकच बाजू घेऊन निघाल तर निम्मं हातातून सुटेल.

लॅम्ब्टन आता सत्तरीच्या घरात, फुप्फुसं क्षयाने पोखरलेली. हैदराबादहून मुक्काम हलवून तो नागपूरला निघाला होता. नागपूर काही त्याला दिसलं नाही. २० जानेवारी १८२३ ला वणा नदीकाठच्या हिंगणघाटला त्याने शेवटचा श्वास घेतला. त्याची कबर तिथेच आहे, आपल्या वर्धा जिल्ह्यात.

आणि आता माझी चूक

माझं काम वणेच्या खोऱ्यातल्या भूजलावर आहे. पहिल्या वर्षी मी ४२ विहिरींची पाणीपातळी मोजली. प्रत्येक विहिरीजवळ उभं राहून जीपीएसने अक्षांश-रेखांश घेतले. घरी येऊन ते बिंदू सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशावर टाकले. नकाशा मी स्वतः स्कॅन करून, कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश टाकून संगणकात बसवला होता.

बिंदू गावांजवळच पडले. छान वाटलं. त्यावर मी उताराचे आणि पाणीपातळीचे नकाशे काढले आणि एक आख्खं प्रकरण लिहिलं. सहा महिने गेले. एक दिवस गाइडनी सहज विचारलं, “ही विहीर नदीपात्रात कशी गं?” मी झूम करून पाहिलं. एक नाही, तीन विहिरी वणेच्या पात्रात होत्या. आणि एक चक्क रेल्वेच्या रुळांवर!

प्रत्येक बिंदू शे-दीडशे मीटरने सरकलेला होता, सगळे एकाच दिशेला. पहिल्यांदा मी जीपीएसला दोष दिला. दुसऱ्यांदा स्कॅनरला. दोष दोघांचाही नव्हता. जीपीएस पृथ्वी एका आकाराची धरतं आणि जुना नकाशा दुसऱ्या. मी दोन्ही एकच समजून एकावर एक ठेवले होते.

जुना नकाशा कोणता आकार धरतो? एव्हरेस्ट १८३०.

म्हणजे असं झालं. लॅम्ब्टन गेल्यावर काम एव्हरेस्टकडे आलं. त्याने चाप वऱ्हाडातून पुढे नेऊन १८२५ पर्यंत मध्य भारतात सिरोंजपाशी पोचवला. आजारी पडून इंग्लंडला गेला आणि १८३० मध्ये १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं या अक्षांशांमधल्या चापाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हिंगणघाटचा अक्षांश साडेवीस, म्हणजे या पट्ट्याच्या मधोमध. या आणि आधीच्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार निघाला, त्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर आणि चपटेपणा ३००.८ मध्ये एक. आजच्या जीपीएसच्या, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ च्या आकारात त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आणि चपटेपणा २९८.२६ मध्ये एक. त्रिज्येतला फरक ८६१ मीटर. साखळी, दोरखंड आणि आजारी माणसांनी केलेलं मोजमाप उपग्रहांच्या मोजमापापासून जेमतेम ०.०१४ टक्क्याने दूर!

शिवाय फरक फक्त आकाराचा नाही, तो कुठे बसवलाय याचाही आहे. जीपीएसचा लंबगोल पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर बसवलेला आहे. एव्हरेस्टचा भारताच्या जमिनीला नीट चिकटेल असा, मध्य भारतातल्या कल्याणपूर या ठाण्याला बांधलेला. दोघांची केंद्रं शेकडो मीटरने वेगळी. त्यामुळे एकाच विहिरीला दोन पद्धतींत दोन वेगळे अक्षांश-रेखांश मिळतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आलेले खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. जुने एव्हरेस्टवर. कोणता हातात आहे ते नकाशाच्या तळाशी छापलेलं असतं. मी तो मजकूर स्कॅन करताना कापून टाकला होता, फाइल लहान व्हावी म्हणून.

सहा महिन्यांचं काम पुन्हा केलं. ते करताना एव्हरेस्ट कोण, मग लॅम्ब्टन कोण, असं मागे मागे जात वाचलं तेव्हा कळलं की ज्याच्या मोजणीने माझ्या विहिरी नदीत ढकलल्या, तो माझ्याच अभ्यासक्षेत्रात पुरलेला आहे. दोन वर्षं मी त्याच गावातून एसटीने जा-ये करत होते. शेवटी एका रविवारी कबर शोधायला गेले. पहिल्या दोघांनी दोन वेगळ्या दिशा दाखवल्या. आख्ख्या देशाला दिशा मोजून देणाऱ्याची कबर विचारत विचारत शोधावी लागते, याचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

चुकीतून निघालेलं शास्त्र

चूक नीट जपून ठेवली तर काय होतं, याचं उदाहरण याच चापात आहे. १८४१ मध्ये चाप डेहराडूनपर्यंत पोचला, एकूण सुमारे २,४०० किलोमीटर. कल्याणपूर आणि उत्तरेला मुझफ्फरनगरकडचं कलियाणा ही दोन ठाणी सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर. त्यांच्या अक्षांशातला फरक त्रिकोणांवरून एक आला आणि ताऱ्यांवरून दुसरा. तफावत ५.२३६ सेकंद, जमिनीवर साधारण १६० मीटर. कोणीही म्हटलं असतं, सोडून द्या, वाटून टाका.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी ती सोडली नाही. हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, असा विचार करून त्यांनी ती ओढ मोजली. ती निघाली प्रत्यक्षाच्या जवळपास तिप्पट! हिमालय जेवढा ओढायला हवा तेवढा ओढतच नाही. का? १८५५ मध्ये एअरीने उत्तर सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोलवर गेलेली असणार, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी. भूशास्त्रात आपण समस्थायित्व म्हणून जे शिकतो, त्याचा उगम या ५.२३६ सेकंदांत आहे.

आणि एक गोष्ट पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. यंत्रं वाहणारे, टेकड्यांवर झेंडे आणि दिवे धरून रात्री काढणारे, रानातल्या तापाने मेलेले खलाशी आणि लष्कर. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. मोजक्यांची आहेत. यंत्रं दुरुस्त करणारे अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन, आणि गणना करणारे राधानाथ सिकदार, ज्यांच्या गणितातून १८५२ मध्ये जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं. शिखराला नाव एव्हरेस्टचं लागलं. लॅम्ब्टनच्या वाट्याला हिंगणघाट आलं, खलाशांच्या वाट्याला तेही नाही. तुमच्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात विहिरीचा दोर धरणाऱ्याचं नाव घाला. माझ्यात आता आहे.

तुमच्यासाठी, थोडक्यात

१. आकड्याला व्यवहाराची कसोटी लावा. ४०७ किलोमीटर आणि २५ मिनिटं एकत्र बसत नाहीत, हे कळायला सूत्र लागत नाही.

२. पद्धत टोकाच्या जागी तपासा. वर्धा-नागपूरला चालली म्हणून ती स्वालबार्डला चालेल असं नाही.

३. अक्षांश-रेखांश लिहिताना ते कोणत्या आधारावर आहेत ते सोबत लिहा. नुसते आकडे म्हणजे पिनकोडशिवायचा पत्ता.

४. सगळे बिंदू एकाच दिशेला सरकले असतील तर ती यंत्राची थरथर नाही. कुठेतरी गृहीतक चुकलंय. गृहीतक शोधा.

५. अपेक्षित उत्तर आलं तर दुप्पट तपासा. लॅपलँड आठवा.

६. न जुळणारी नोंद खोडू नका. प्रॅटसारखा कोणीतरी नंतर येऊ शकतो, कदाचित तुम्हीच.

ज्युनिअरने तक्ता दुरुस्त करून पाठवलाय. लाँगयीअरब्येन ते न्यू-ओलेसुंड, ११० किलोमीटर, २५ मिनिटं, आणि खाली बारीक अक्षरात ‘अंतर डब्ल्यूजीएस ८४ नुसार’. शेवटी विचारलंय, “ताई, स्वालबार्डला जमेल तेव्हा जमेल, पण हिंगणघाटला कधी जायचं?” पुढच्या रविवारी ठरलंय. वर्ध्याहून एसटीने तासाभराचा रस्ता. कोणाला यायचं असेल तर कळवा, डबा ज्याचा त्याने आणायचा.